अनंताच्या दालनाचं काम

३ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राच्या वरती आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो लिहिला असं समज आणि पुढे वाच.

गेल्या आठवड्यात विज्ञान केंद्राचा माणूस कारखान्यात येऊन गेला. हातात तुझं पुस्तक, पुस्तकात खुणेचे कागद, आणि चेहरा असा, की तू त्याला पहाटे स्वप्नात येऊन काही सांगून गेला असावास. म्हणाला, "सरांच्या ताई ना तुम्ही? सर म्हणाले, आरसे तुमच्याच कारखान्यातले हवेत."

नऊ वर्षांनी सरांना ताई आठवली, तीही आरशांवरून.

काम काय, तर 'अनंताचं दालन'. समोरासमोर दोन पुरुषभर उंच आरसे, मध्ये माणूस उभा राहणार आणि त्याला अनंत दिसणार. मी विचारलं, "अनंत म्हणजे साधारण किती?" तो हसला. मी हसले नाही. मला मापं लागतात.

नंतर त्याने आग्रहाने पुस्तक ठेवून घ्यायला लावलं. वाचलं. पेन्सिल घेऊन वाचलं, जशी तुझी शाळेची वही वाचायची. 'अनंत' हा शब्द तू चारशे बारा वेळा लिहिला आहेस. म्हणजे तोही मोजता आला.

पहिलं प्रकरण आमच्यावरच आहे. "सहा वर्षांचा मी वडिलांच्या आरशांच्या कारखान्यात दोन आरशांमध्ये उभा होतो. प्रतिबिंबं मोजून थकलो. वडील म्हणाले, याला शेवट नाही, बाळा. त्या क्षणी माझं आयुष्य ठरलं." वा. वाचणाऱ्यांनी रुमाल काढले असतील.

धाकट्या, तू मोजत नव्हतास. तुला अंक येत होते बारापर्यंत, पुढे तू एकदम वीस म्हणायचास. मोजत होते मी. मी तेरा वर्षांची होते. माल बांधायच्या मागच्या खोलीत आपण दोन आरसे समोरासमोर टेकवले होते, आणि मी एकवीस मोजले. बाविसावं नव्हतंच. तिथे हिरवट काळोख होता, कारण काचेला आतून हिरवी झाक असते आणि प्रत्येक खेपेला ती थोडा उजेड खाते. 'संपलं,' असं मी म्हणाले आणि तू भोकाड पसरलंस. बाबा असलं काही वाक्य बोलले नाहीत. ते त्या खोलीत नव्हतेच.

आणखी एक सांगते, पुढच्या व्याख्यानात वापर. दोन आरसे अगदी सरळ समोरासमोर ठेवले तर लांबवरचं काहीच दिसत नाही, कारण मध्ये आपलं डोकं येतं. डोकं टाळायला आरसा किंचित कलता करावा, तर सगळी रांग वळते आणि चौकटीबाहेर निघून जाते. अनंत बघायला निघालेल्या माणसाची अडचण त्याचं स्वतःचं डोकं असते. तुझी तर जास्तच.

काम मी घेतलं आहे. तुझ्यासाठी घेतलेलं नाही. बाबांनी दाराआडून ऐकलं आणि दिवसभर विषय सोडला नाही. त्यांची नजर बाजूंनी मिटत चालली आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, डोळ्यातला दाब. त्यांना आता नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसतं. कारखान्यात येतात, काचेच्या कडा बोटांनी चाचपतात आणि मिस्त्रींच्या चुका काढतात.

दालनाच्या दाराशी पितळी पाटी लागणार आहे आणि तिच्यावर बाबांचं ते वाक्य येणार आहे, असं तो माणूस सांगत होता. ते काढ. माझे आरसे आणि ते वाक्य एका भिंतीत बसणार नाहीत.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र मिळालं. चार पानं. त्यातल्या साडेतीन पानांत तू मला समजावून सांगितलं आहेस की मी चिडलेली आहे. ते मला माहीत होतं.

उरलेल्या अर्ध्या पानाबद्दल बोलू.

तू म्हणतोस, आरशांचा दाखला चुकला, मान्य. काच उजेड खाते, मान्य. पण 'समज, उजेड न खाणारा आरसा मिळाला तर?' तुम्हा लोकांचं सगळं जग या 'समज'वर उभं आहे. बरं, समजले. तुला हवा तो आरसा मी तुला दिला. आता दोन आरशांमध्ये दिवा लाव. उजेडाला इकडून तिकडे जायला वेळ लागतो, हे तूच मला शिकवलंस. म्हणजे दिवा लावल्यापासून या क्षणापर्यंत जेवढ्या फेऱ्या झाल्या, तेवढीच प्रतिबिंबं. एका तासाने जास्त होतील. हजार वर्षांनी आणखी होतील. पण कुठल्याही दिवशी जाऊन विचारलंस, तर उत्तर एक आकडाच असणार. प्रचंड असेल, पण आकडा. वाढत राहणं वेगळं आणि अनंत होऊन बसलेलं असणं वेगळं. तू पुस्तकभर पहिलं दाखवतोस आणि दुसरं विकतोस.

तेच बारीक करत जाण्याचं. 'कुठल्याही रेषेत अनंत बिंदू असतात' म्हणे. कागदावर असतील. मी अडतीस वर्षं काचेवर चांदीचा थर चढवते. लोक त्याला अजून पारा म्हणतात. तो थर पातळ करत जा, आणखी पातळ करत जा, एक वेळ अशी येते की पुढे ती चांदीच राहत नाही. मिस्त्री सातवी नापास आहेत, त्यांनाही हे कळतं.

तुझं एक वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. "ताई, विश्व कुणी एकेक वीट रचून बांधलेलं नाही. ते अनंत असेल तर पहिल्यापासून, एकदम, सगळंच्या सगळं अनंत असेल; तिथे मोजत मोजत पोहोचायचा प्रश्नच येत नाही." हे बरोबर असू शकतं. तुझ्या तीनशे पानांत एवढं सरळ वाक्य एकही नाही, आणि ते तू वाचकांना न देता मला फुकट पाठवलंस. त्याच्यापुढे 'पण हे खरं आहे का, ते आम्हाला माहीत नाही' एवढं लिहिलं असतंस तर पुस्तक अर्ध्या पानात संपलं असतं आणि मी ते भिंतीवर लावलं असतं. पण 'माहीत नाही' म्हणणाऱ्याला हार कोण घालणार?

आता बाबांचं. मागच्या पत्रात मी लिहिलं की बाबा ते वाक्य बोललेच नाहीत. ते खोटं आहे. बोलले होते. तू रडत होतास, गप्प बसेनास, तेव्हा ते आत आले आणि म्हणाले, "संपत नाही रे. पुढे असतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत. याला शेवट नाही." मग तू गप्प झालास. मी म्हणाले, "बाबा, पण एकवीसच आहेत." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं बोलले नाही. एका रडणाऱ्या पोराला गप्प करायला मारलेली थाप. तिच्यावर तू घर बांधलंस. तो आरसा तिरका करायला पुठ्ठ्याचा तुकडा खाली कुणी सरकवला, मोजलं कुणी, हे पुस्तकात कुठे नाही. असू दे. मी पाटी मागत नाहीये.

१२ मार्चला बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, नजर परत येणार नाही, आहे ती टिकावी म्हणून करायचं, आणि तीही टिकेलच असं नाही. बाबा तुझं नाव काढत नाहीत. फक्त 'त्याच्या गावाहून गाडी किती वाजता येते' असं सहज विचारल्यासारखं विचारतात. दोनदा विचारून झालं.

ये.

ताई


१४ मार्च

प्राध्यापकमहोदय,

आपण पाठवलेला फुलांचा गुच्छ पोहोचला. डोळ्यांच्या दवाखान्यात, डोळे हलू नयेत म्हणून दोन्हींवर पट्टी बांधलेल्या माणसासाठी फुलं. शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, "छान रंग आहेत हो." बाबा म्हणाले, "असतील."

आपल्या सहायकाने फोनवर कळवलं की व्याख्यानमाला आधीच ठरलेली होती. विषय काय, तर 'विश्वाला किनारा आहे का?' दवाखान्याला आहे. अकरा पायऱ्या, मग फाटक. मी त्या दिवशी तिथे सहा तास बसून होते.

डावा डोळा गेला. ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे; डोळा त्याआधीच गेलेला होता. उजव्यात समोरचं तेवढं उरलं आहे, तेही थेंबांच्या जोरावर. पट्टी सोडली तेव्हा बाबांनी मान हळूहळू फिरवून खोली तुकड्या-तुकड्याने बघितली. मला बघितलं, मग दाराकडे बघितलं, मग परत मला. मग म्हणाले, "चल, घरी जाऊ. मिस्त्री काच वाकडी कापत असतील."

मला तुझ्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. आईच्या वेळी काय केलंस ते मी विसरलेले नाही. तिला धाप लागली होती, शुद्ध नव्हती, मी तिचे ओठ ओल्या कापसाने पुसत होते. आणि तू पायथ्याशी उभा राहून म्हणालास, "ताई, विश्व अनंत असेल तर अशी खोली कुठेतरी पुन्हा असणार. आणि त्यातल्या एखाद्या खोलीत आई आत्ता उठून बसली असेल." त्या खोलीतल्या ताईला त्याचा काय उपयोग, हे तुला सुचलं नाही. इथली आई जात होती आणि तू तिची दुसरी प्रत शोधत होतास. मग पिशवी उचललीस आणि निघून गेलास. चार तासांनी ती गेली. तू तेव्हा गाडीत होतास.

असल्या दिलाशाची मला किळस येते. ज्याला एकच आई पुरत नाही, त्याला अनंत आया देऊनही काय होणार?

उत्तर पाठवू नकोस.


९ एप्रिल

दालनाचं काम झालं. विज्ञान केंद्राच्या संचालकांना हे कळवायचं आहे आणि ते म्हणतात 'सरांनाही एक ओळ टाका', म्हणून ही ओळ.

मी तुझा आराखडा बदलला आहे. मध्ये कुणी उभं राहणार नाही. चांदी काचेच्या मागे न चढवता पुढच्या अंगाला चढवली, म्हणजे काच मध्ये येत नाही आणि हिरवटपणा जातो. एका आरशाची चांदी शर्टाच्या बटणाएवढी खरवडून काढली आहे. त्या भोकाला मागून डोळा लावायचा. मध्ये एक छोटा दिवा टांगला आहे. कुणाचंही डोकं आड येत नाही आणि रांग वळत नाही. दिव्यामागे दिवा, सरळ रेषेत.

मी चौसष्ट मोजले. मिस्त्रींनी अठ्ठावन्न मोजले आणि त्यांना चक्कर आली. पुढे पिवळट धूर दिसतो. तो दिव्यांचा आहे की आपल्या डोळ्यांचा, हे सांगता येत नाही, आणि मी तसंच संचालकांना लिहून दिलं आहे. पाटीवर मला तेवढंच हवं होतं. त्यांनी ऐकलं नाही. पितळी पाटी त्या वाक्यासकट आली आहे. मी ती स्वतः बसवली, नीट पाणसळ लावून. काम वाकडं केलं असं तुला म्हणता येऊ नये.

२५ला उद्घाटन. बाबा येणार म्हणतात. तू येशीलच. तिथे माईक आहे.


२८ एप्रिल

धाकट्या,

२५ला काय घडलं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण पुढच्या पुस्तकात तू ते निराळं लिहिशील.

तू बोललास. बरं बोललास, हे मान्य करते. वाईट बोलणारा माणूस एवढा पुढे जात नाही. शेवटी ते वाक्य म्हणालास, हात बाबांकडे केलास, टाळ्या झाल्या. संचालक वाकून म्हणाले, "बाबा, दोन शब्द बोला ना." मी नको म्हणत होते. बाबा उठले. माईक कुठे आहे ते त्यांना दिसेना, तर तूच तो त्यांच्या हातात दिलास.

"हे वाक्य माझंच," बाबा म्हणाले. "पण मला त्यातलं काही कळत नव्हतं. पोरगं रडत होतं, म्हणून बोललो. मोजलं होतं ते हिने. ती म्हणाली एकवीस, तर एकवीसच असणार. हिचं मोजणं चुकत नाही."

दोनशे माणसं बसलेली होती. काही जण हसले, त्यांना तो विनोद वाटला. मी तुझ्याकडे बघत होते. ज्या क्षणाची मी पुस्तक वाचल्यापासून वाट बघत होते, तो हा. तू खाली बघत होतास आणि तुझी मान बाबांसारखी दिसत होती, मागून केस गेलेली. मला वाटलं होतं, मजा येईल. आली नाही.

तू संध्याकाळी घरी आलास. मला वाटलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत बाबांजवळ बसलास, मी आत भांडी घासत राहिले. मुद्दाम आवाज करत होते, पण भिंत पातळ आहे. तू म्हणालास, "मला तेव्हाच कळलं होतं बाबा, तुम्ही थाप मारताय ते. पण ताईने खरं सांगितलं तेव्हा मला भीती वाटली, आणि तुम्ही खोटं बोललात तेव्हा गेली. मग मी म्हटलं, बघू तरी, ते खरं निघतंय का." बाबांनी विचारलं, "निघालं?" तू म्हणालास, "माहीत नाही."

तेवढे दोन शब्द. तेही स्वयंपाकघरातून चोरून ऐकावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू अंघोळीला गेलास तेव्हा बाबा मला म्हणाले, "मी याच्याबरोबर जातो. राहतो तिकडे."

"किती दिवस?"

"बघू."

"तिथे तुम्हाला कोण बघणार? तो दिवसभर घराबाहेर. थेंब कोण घालणार? दवाखान्यात फुलं पाठवणारा माणूस आहे तो."

बाबा म्हणाले, "आईचे शेवटचे चार तास त्याला मिळाले नाहीत. तो आपणहून गेला नव्हता. मी दाराशीच होतो गं."

मार्चच्या पत्रात मी लिहिलं की तू पिशवी उचललीस आणि निघून गेलास. तू ते वाचलंस आणि उलट एक अक्षर लिहिलं नाहीस. आज बाकीचं लिहिते. मी तुला म्हणाले होते, "मग त्या दुसऱ्या आईकडे जा. ही माझी आहे. खोली रिकामी कर." तू दोनदा 'ताई' म्हणालास. पिशवी मी उचलली आणि बाहेर ठेवली. नऊ वर्षं मला वाटत होतं की हे फक्त तुला आणि मला माहीत आहे, आणि तू भित्रा आहेस म्हणून कुणाला सांगणार नाहीस. बाबांनी ऐकलं होतं. नऊ वर्षं ते माझ्या हातचं जेवले आणि एका शब्दाने बोलले नाहीत.

तू त्या दिवशी जे बोललास ते मूर्खपणाचंच होतं. अजूनही म्हणते. पण मूर्खपणाला चार तासांची शिक्षा जास्त झाली. माफी मागायची मला सवय नाही. हे जे लिहिलं आहे ते काय आहे, ते तूच ठरव. तू शिकलेला आहेस.

आता कामाचं. परवा तुम्ही दोघं गेलात; काल फोनवर बाबांना विचारलं, थेंब घातले का? म्हणाले, "घातले." आज सकाळी फ्रिज उघडला तर निळ्या झाकणाची बाटली इथेच, वरच्या कप्प्यात. म्हणजे परवाही नाहीत आणि कालही नाहीत. थेंबांबद्दल ते खोटं बोलतात, तू विश्वास ठेवू नकोस. थापा मारायची सवय जुनी आहे, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार. तुला लगेच फोन केला तर तू व्याख्यानात. म्हणून बाटली आणि हे पत्र मिस्त्रींबरोबर दुपारच्या बसने पाठवते आहे. साताच्या आत ते तुझ्या दारात असतील. त्यांना चहा दे आणि विश्वाबद्दल काही विचारू नकोस, त्यांना परतीची बस आहे.

थेंब संध्याकाळी साडेसातला. उजव्या डोळ्यात. एकच, दुसरा नुसता गालावरून खाली जातो. घातल्यावर डोळा मिटायला सांग आणि नाकाच्या कोपऱ्याशी बोट दाबून धर, दोन मिनिटं, घड्याळ लावून. ते 'झालं, झालं' म्हणतील. झालेलं नसतं. त्यांच्या डाव्या बाजूने बोलू नकोस, दचकतात. जेवताना ताट अगदी समोर ठेव, बाजूची वाटी त्यांना दिसत नाही आणि ती मागायची त्यांना लाज वाटते. रात्री न्हाणीघराचा दिवा चालू ठेव. आणि तू बोल त्यांच्याशी, तुझं ते अनंताचं असलं तरी चालेल. ते ऐकतात. मी गप्प बसणारी आहे, माझ्याकडे त्यांना फार ऐकायला मिळालं नाही.

विश्वाला शेवट आहे की नाही, ते तू सावकाश शोध. ते कुठे जात नाही. बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या उरलेल्या संध्याकाळींचा आकडा मला माहीत नाही, पण तो आकडा आहे आणि लहान आहे. आजची साडेसातला आहे.

ताई